तीनदा बंद केलेली तक्रार

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: माझ्याकडे तर नीट चालतं. ते मी इतक्यांदा वापरलंय की त्याची आता लाज वाटते.

भंडाऱ्यातल्या आमच्या पाच जणांच्या ऑफिसात तेव्हा मच्छीमार संस्थांसाठी ॲप बनत होतं. तलावावर मासळी तोलली की मोबाईलवर वजन टाकायचं, बटण दाबायचं, संपलं. टीमचा प्रमुख मी. तपासणीला मोहाडीकडची एक बाई होती, तीन महिन्यांच्या करारावर. तिचं सासर ढिवरांचं, पिढीजात मासेमारीचं. सासरे रोज तलावात उतरणारे, त्यामुळे ॲपची पहिली परीक्षा तिथेच होई. करार वाढणार की नाही, हे माझ्या शेऱ्यावर होतं.

तिने तक्रार नोंदवली: एकदा दाबलं की दोन नोंदी होतात, पण फक्त तलावावर. मी खुर्चीत बसून दहादा दाबून पाहिलं. एकच नोंद. 'माझ्याकडे नीट चालतं' असं लिहून तक्रार बंद केली. तिने ती पुन्हा उघडली, मी पुन्हा बंद केली. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं.

"नेटवर्कचा लोचा असेल," मी म्हणालो.

"नेटवर्क बराबर हाय सर. मी पाहून राहिली ना रोज."

त्या दुपारी मी तिच्या शेऱ्यात लिहिलं: बारकाईने तपासत नाहीत, त्याच त्या निराधार तक्रारी करतात. लिहून बरं वाटलं, हेही कबूल करतो. शेरा सोमवारी पाठवायचा होता. शुक्रवारी घरी जाताना ती म्हणाली, "सर, रविवारी एकदा तलावावर येऊन पाहा ना." मी हो म्हटलं ते तिला खोटं पाडायलाच.

रविवारी वरठीमार्गे मोटारसायकलने तलावावर पोचलो तेव्हा जाळं ओढून झालं होतं. टोपल्यांत रोहू तडफडत होते. तिचे सासरे मासा उचलून वजनकाट्यावर टाकत, हात दुपट्ट्याला पुसल्यासारखा करत आणि बटण दाबत. दोन नोंदी. मी त्यांच्या हातून फोन घेऊन दाबलं. एकच. मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही.

सासऱ्यांनी टोपली माझ्यापुढे सरकवली. "साहेब, पयले मच्छीले हात लावा. मंग दाबा."

मी रोहू उचलला, खाली ठेवला, ओल्या बोटाने बटण दाबलं. दोन नोंदी. पुन्हा दाबलं, या वेळी तीन. ओलं बोट स्क्रीनवर घसरत होतं आणि प्रत्येक घसरणीला फोन नवा स्पर्श समजत होता.

"हात कोरडे करत बसलो तं मच्छी मरून जाईन," सासरे म्हणाले आणि पुढच्या टोपलीकडे वळले.

दुरुस्ती तासाभराची होती. एकदा दाबलं की नोंद होईपर्यंत बटण बंद राहील, एवढंच. महिनाभर मी तिला एक साधा प्रश्न विचारला नव्हता: दाबताना हात कसे असतात?

तलावाच्या पाळीवर चहा घेताना मी तिला म्हणालो, "तुमच्याबद्दल मी एक शेरा लिहून ठेवलाय. तो चुकीचा आहे. बदलतो."

"वाचला मी तो," ती म्हणाली. "तो फोल्डर सगळ्यांले दिसते सर."

मी कप खाली ठेवला. "कधी वाचला?"

"गुरुवारी."

"मग मला बोलावलं काहून?"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढला नव्हता. "तुमी न पाहताच लिवलं होतं. म्हटलं, पाहून लिवा. मंग काहीबी लिवा."

मी तिथेच पाळीवर बसून फोनवर जुना शेरा पुसला आणि नवा लिहिला. शेरा तिच्याबद्दल होता, पण त्यातलं पहिलं वाक्य माझ्या चुकीबद्दल होतं.