विलासदादाचा उजेड

नाटकाचे लाइट लावायला आलेला माणूस आधी दिवे बघतो. विलासदादा आधी नटाच्या जागेवर जाऊन उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि गाल पुढे करायचा. मग मला बोलवायचा. "बाय, हितं उभी रहा. ऊब लागली गालाला? नाय? मग तू दिसत नाय." त्याच्या हॅलोजनच्या दिव्यांखाली हे खरंच कळायचं. अर्धं पाऊल इकडेतिकडे झालं की गाल गार पडायचा. पनवेलच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात मला अभिनय शिकवणारे पुष्कळ होते. उजेडात उभं राहायला शिकवलं ते ह्या एकट्याने.

तो उरण रस्त्यावरच्या एका गावातला. लग्नाच्या मांडवांना रोषणाई करून घर चालवायचा आणि नाटकाचं काम हौसेने करायचा. पायात कायम स्लीपर आणि तोंडाची अखंड बडबड. मी शाळेत शिकवते म्हणून माझ्या पाठीमागे मला 'मास्तरीणबाय' म्हणायचा.

पूर्वी तो स्टेजवरून ओरडायचा आणि प्रेक्षागृहात मागे बसलेला माणूस बोर्डवरची बटणं सरकवायचा. ओरडून ओरडून दादाचा घसा बसायचा. मग मंडळाने नवा बोर्ड घेतला. त्याला राउटर जोडला की टॅबवरून सगळे दिवे कमी-जास्त करता यायचे, तेही तारेशिवाय. पहिल्या दिवशी दादा टॅब घेऊन स्टेजभर फिरला. बोट खाली ओढलं की माझ्यावरचा दिवा मंद, वर नेलं की लख्ख. "आयला, सूर्यदेव झालो मी!"

दसऱ्याला त्याने बोर्डाची पूजा केली, तशी टॅबचीही. काचेवर ओल्या कुंकवाचं बोट ओढलं, वर पाण्यात बुडवलेला झेंडू ठेवला. झालं! दिवे मनाला येईल तसे लागायला-विझायला लागले. दादा हात जोडून उभा. "देवी पावली रे!" आम्ही हसून हसून बेजार. फडक्याने काच पुसली तेव्हा कुठे देवी शांत झाली.

त्याच वर्षी स्पर्धेच्या नाटकात मला मोठी भूमिका मिळाली. तोवर मी शेजारीण, नर्स, मोलकरीण, फार तर कोणाची तरी वहिनी. पस्तिशी उलटली होती. घरी ठरलं होतं, स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस आलं तर पुढे नाटक करायचं, नाहीतर हे शेवटचं. शेवटचं स्वगत माझं होतं. मी मधोमध उभी, आणि कोपऱ्यात माझी मुलगी झालेली रश्मी नुसती बसलेली. रश्मी आमच्या दिग्दर्शकांची, म्हणजे सरांची, भाची. "तुझ्या स्वगताला असा उजेड देतो ना बाय, परीक्षक पेन खाली ठेवतील," दादा म्हणाला होता.

प्रयोगात स्वगताच्या दुसऱ्याच वाक्याला माझा गाल गार पडला. मी अर्धं पाऊल डावीकडे सरकले, मग उजवीकडे. कुठेच काही नाही. उजेड रश्मीवर जाऊन बसला होता आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी असं काही चमकत होतं, की काय सांगू! मी अंधारात बोलत राहिले. दुसरं करणार काय?

बक्षीस रश्मीला मिळालं. परीक्षक मला भेटल्यावर म्हणाले, "आवाज छान आहे हं तुमचा."

"वायफाय तुटलं ग बाय. दिवे आपोआप बदलले," दादा म्हणाला. दसऱ्याचा तमाशा मी डोळ्यांनी पाहिलेला, मग संशय कशाला येतोय? मंडळाच्या बैठकीत सगळे त्याच्यावर तुटून पडले, ह्याला काढाच म्हणाले. मीच उठून भांडले. "यंत्राची चूक माणसाच्या माथी मारू नका. नुकसान माझं झालंय. मी काही म्हणत नाही, तर तुम्ही कोण?" दादा खाली मान घालून चहा पीत होता. दिग्दर्शकांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

ठरल्याप्रमाणे नाटक सुटलं. पुढच्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, ऐन नाचात, लाइटवाल्याचा टॅब बंद पडला. चार्जिंग संपलं. मी धावले. "अहो, दिवे बदलतील!" तो हसायलाच लागला. "मॅडम, हा नुसता रिमोट. रिमोट बंद पडला म्हणून टीव्हीचा चॅनल बदलतो का?" वर पाहिलं, तर सगळे दिवे होते तसेच लागलेले. पोरं मजेत नाचत होती. म्हणजे माझ्यावरचा उजेडही आपोआप गेला नव्हता.

तिथून तडक दादाच्या घरी गेले. "कोणी सांगितलं होतं तुला?" एवढंच विचारलं. तो ओशाळला, पण खोटं बोलला नाही. "सरांनी. त्यांच्या वळखीनं फिल्मचं काम मिळणार व्हतं, फार्महाउसवरच्या शूटिंगला. मोठे मोठे दिवे, बाय! मांडवाला लाइटी लावून जिंदगी गेली ना माझी."

"मिळालं?"

"नाय."

"आणि मी तुझ्यासाठी भांडत होते तेव्हा?"

तो माझी समजूत घातल्यासारखा म्हणाला, "पण तू अंधारातबी एक शब्द चुकली नायस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उजेड नेला, ते एक वेळ मी सोडून दिलं असतं. मोह कोणाला सुटलाय? पण मी त्याची वकिली करत होते आणि हा माणूस ती ऐकत चहा पीत होता! ते मी आजही सोडलेलं नाही. पुन्हा त्याच्या घरी पाऊल टाकलं, ते थेट तो वारला तेव्हाच.

त्या दिवशी त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. "तुमचं लय नाव काढायचे. गावभर सांगायचे, मास्तरीणबायचा शेवटचा शीन मी असा उजळला, का समदी मानसं रडली. खरं ना ओ?"

घर माणसांनी भरलेलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "हो वहिनी, अगदी खरं," मी म्हटलं. मेल्यावरही त्याने खोटं बोलायला लावलं, ते मलाच.