गाडी गेली, कर्ज राहिलं

गणपतीपुळ्याला आमच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. त्यांना रत्नागिरी स्टेशनवरून आणायला-सोडायला आम्ही कर्जावर सात सीटची गाडी घेतली होती. मग नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं, गाडी अंगणात उभी राहिली आणि हप्ते थकले. एका सकाळी फायनान्स कंपनीची माणसं येऊन ती घेऊन गेली. मी रडले, पण खरं सांगते, त्या आठवड्यात मला झोपही छान लागली. सुटलो एकदाचे, असं वाटलं.

तीन महिन्यांनी पत्र आलं. गाडी लिलावात विकली, आलेले पैसे कर्जात वळते केले, तरी एक लाख ब्याऐंशी हजार बाकी!

नवऱ्याला अजून प्रवास झेपत नव्हता, म्हणून मी आणि सासूबाई एसटीने रत्नागिरीच्या ऑफिसात गेलो. मी घाबरलेली. समोरचा अधिकारी शांतपणे नियम समजावत होता. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गाडी तुम्ही नेलीत, विकलीत पण तुम्हीच, नि पैसे आम्ही द्यायचे?"

"हो, आजी. विकून कमी आले ना."

"मग निदान एक फेरी तरी मारायला द्यायची होतीत!"

एवढं बोलून त्या जे हसायला लागल्या, ते थांबेनात. पदर तोंडावर धरला तरी खांदे हलतच होते. मलाही हसू फुटलं. शेवटी तो अधिकारीही मान खाली घालून हसला. आणि त्या हसण्यात माझी भीती कुठे गेली कोण जाणे. मी म्हटलं, "साहेब, लिलावाचा कागद आणि सगळ्या खर्चाची यादी दाखवा."

यादीत पार्किंगचं भाडं पाच महिन्यांचं होतं.

"गाडी नेऊन तीनच महिने झालेत," मी म्हटलं. "विकल्यावरसुद्धा उभीच होती का तुमच्याकडे?"

"अगो, तिला जायचं नसेल!" सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही पुन्हा हसत सुटलो.

मॅनेजर बाहेर आले. त्यांनी ते भाडं काढलं, दंडाचं व्याजही कमी केलं. घासाघीस करून एक लाख दहा हजारांवर आणि तीन हप्त्यांवर तडजोड ठरली. मी तिथेच म्हटलं, "लेखी द्या." माझाच आवाज मला नवा वाटला.

घरी येऊन दोन्ही खोल्या शाळेतल्या शिक्षिकांना वर्षभरासाठी भाड्याने दिल्या. त्यांचं डिपॉझिट, थोडी साठवण, थोडी नणंदेची मदत, असे तिन्ही हप्ते फेडले. 'काही येणे बाकी नाही' असं पत्र हातात पडलं, त्या दिवशी रत्नागिरीहून परतताना आम्ही दोघी स्टॉपवर उतरून घरी न जाता थेट किनाऱ्यावर गेलो. सासूबाईंनी लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात शिरल्या. इतकी वर्षं समुद्राशेजारी राहून मी त्यांना कधी पाण्यात पाहिलं नव्हतं.

"आई, लाट!" मी ओरडले, तोवर दोघी चिंब.

घरी आलो, तर नवरा काठी टेकून दारात उभा होता. आमचे अवतार पाहून त्याचा चेहरा पडला. "काय झालं? पत्र नाही दिलं?"

आम्हाला हसूच आवरेना. सासूबाईंनी पिशवीतून पत्र काढून त्याच्या हातात ठेवलं. एक कोपरा भिजला होता, पण शिक्का सुका होता.