भांडणाच्या पुढची टेप

दादाच्या दहाव्याच्या आधीची गोष्ट. बीडच्या घरी माणसं भेटायला येत होती, सतरंजीवर थोडा वेळ गप्प बसत होती आणि रीतीप्रमाणे ‘येतो’ न म्हणता उठून जात होती. त्यांत दिंद्रुडकडचे एक शेतकरी होते. दादा तिकडच्या एका शाळेत कारकून असताना त्यांची दोस्ती झाली होती. ते वहिनीला म्हणाले, “वहिनी, त्यांची एक क्यासेट राहिली माझ्याकडं. रेडिओवरच्या नाटकाची. डुकरं लई भितेत तिला.”

मग वहिनीला हसू फुटलं आणि तिनं घाईनं पदर तोंडाला लावला. आजूबाजूच्या बायकांना वाटलं ती रडते आहे. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“कसली डुकरं?” मी विचारलं.

“रानडुकरं, ताई. मक्यात शिरतेत. गाणी लावून बघितली, तर त्याला सरावली. भजनं लावली, त्याला तर भीकच घालीनात. मग ही लावली. हिच्यात बाप आन् लेक असे भांडतेत, असे भांडतेत, की जागलीला मी एकटा हाय असं मलाच वाटत न्हाई. डुकरांना वाटतं, शिवारात माणसं जागी हायेत.”

“दादाला सांगितलं होतं का कधी?”

“न्हाई बा. त्यांच्या नाटकानं डुकरं हाकलतो म्हनल्यावर राग आला असता.”

बाप आणि लेकीचं भांडण म्हटल्यावर मला कळलं की ही कोणती कॅसेट आहे. ती मी कित्येक वर्षं शोधत होते.

दादाला रेडिओवरचे कार्यक्रम टेप करून ठेवायचा नाद होता. वायर जोडून आवाज घेणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. तो रेडिओसमोर घडी घातलेली गोधडी ठेवायचा, तिच्यावर टेपरेकॉर्डर, आणि खिडक्या लावून घ्यायचा. मग अर्धा तास सगळं घर खुणांनी बोलायचं. आई भाकरी थापायची थांबायची. श्रुतिका, शेतीची भाषणं, जात्यावरच्या ओव्या, म्हाताऱ्या कलावंतांच्या मुलाखती. रेडिओ केंद्रावर हे सगळं जपलं जातंच असं नाही, तिथंही जुन्या टेपवर नवं भरतात, असं तो म्हणायचा. म्हणून आपण जपायचं.

मी ग्रंथपालाचं शिक्षण घेत होते तेव्हा एक श्रुतिका दर आठवड्याला लागायची. एका बापानं विहीर खणलेली असते. पाण्याचा वाटा तो फक्त मुलांना देतो. नवऱ्यामागं माहेराशेजारी दोन एकर कसणारी लेक वाटा मागायला येते. मोठं भांडण होतं. ‘या विहिरीचा थेंब पुन्हा घशाखाली जाणार नाही,’ असं म्हणून ती निघून जाते. आम्ही दोघांनी एकही भाग चुकवला नव्हता. शेवटच्या भागाच्या वेळी मात्र मी परीक्षेला गेले होते आणि वसतिगृहात रेडिओ नव्हता. शेवटच्या भागात आधी ते भांडण पुन्हा ऐकवलं आणि मग पुढची गोष्ट आली, एवढंच दादानं मला सांगितलं.

“पण शेवटी काय झालं?”

“सांगणार नाही. ऐक.”

मात्र ऐकायला कॅसेटच नव्हती. या शेतकऱ्यांना मक्यावरच्या किडीचं भाषण हवं होतं, आणि दादानं घाईत चुकीची कॅसेट त्यांच्या हातात ठेवली होती. हे तेव्हा आम्हाला कुठून कळणार? मी पुढं शेकडो वेळा विचारलं असेल. चिडून, लाडात, त्याच्या आजारपणात उशाशी बसून. तो म्हणायचा, “सापडली की ऐकवतो.” शेवट सांगून टाकायला त्याचं काय जात होतं, हे मला कधी समजलं नाही.

तेराव्यानंतर मी दिंद्रुडच्या पुढे त्यांच्या शेतावर गेले. शेतकऱ्यांच्या बायकोनं बिस्किटांच्या डब्यातून कॅसेट काढली. डब्यात बीसुद्धा होतं, कॅसेटला भोपळ्याचा वास येत होता. आता ते भांडण त्यांच्या मुलानं मेमरी कार्डात भरून दिलं आहे. रात्रभर भोंग्यावर तेवढंच फिरत राहतं.

“मला त्या म्हाताऱ्याचा लई राग येतो,” बाई म्हणाल्या. “पोटच्या लेकीला पानी देईना. मेला कावून असा वागतो?”

“शेवटी देतो का?”

“आमाला काय माहीत! आमी भांडणाच्या पुढं कधी गेलोच न्हाई. भांडण संपलं की हे पट्टी मागं घ्यायचे.”

“पुढं गुपचूप हाय सगळं,” शेतकरी म्हणाले. “गुपचूप झालं की डुकरं आत.”

“मग आता लावा की,” बाई म्हणाल्या.

मी कॅसेट उजेडात धरली. पट्टीला दाबून धरणारा लोकरीचा तुकडा गळून पडला होता आणि पट्टीची कड सुरकुतली होती. यंत्रात घातली असती तर तुटली असती. “नीट करून आणते,” मी म्हणाले.

“आन् तुमी एकट्याच ऐकून घेताल.”

“नाही ऐकणार.”

“शपथ?”

“दादाची शपथ,” मी म्हणून गेले.

घरी मी दादानं शिकवलं होतं तसंच केलं. स्क्रू काढले, पट्टी गुंडाळलेल्या दोन्ही चकत्या नव्या कवचात बसवल्या, चिकटलेले वेढे सुटावेत म्हणून सगळी पट्टी एकदा हळूहळू पुढं आणि एकदा मागं फिरवली. मग आवाज बंद ठेवून ती कॉम्प्युटरमध्ये घेतली. पडद्यावर आवाजाची फक्त रेघ दिसत होती. भांडण झिजून गेलं होतं, रेघ मधेमधे तुटत होती, काही ठिकाणी तर नव्हतीच. पण भांडण संपलं आणि रेघ एकाएकी दाट आणि स्वच्छ झाली. तो भाग कोणी वाजवलाच नव्हता.

वहिनी मागे उभी होती. “ऐक की. कोण बघतंय?”

“शपथ घातलीय.”

“तुम्ही दोघं भावंडं सारखीच,” ती म्हणाली. आणि मग, “मी पण येते तिकडे.”

दादा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली. शेतकऱ्यांच्या ओसरीवर आम्ही चौघं बसलो. मी छोटा स्पीकर मधोमध ठेवला आणि भांडणाच्या पुढून लावलं.

आधी वारा. मग पायातल्या वहाणांचा आवाज, येणारा, थांबणारा. नंतर रहाट करकरला. पोहरा खाली गेला, बुडाला, कण्हत वर आला. पाणी कशात तरी ओतलं गेलं. एक लांब शांतता. मग घोट. एक, दोन, आणि दमून सोडलेला श्वास. संपलं. एक शब्दसुद्धा नाही.

शेतकऱ्यांनी स्पीकर हलवून बघितला. “बंद पडलं का?”

“नाही. एवढंच आहे.”

मला दादा आठवला, आजारपणात उशाशी बसलेल्या माझ्याकडे बघणारा. सांगायला यात काही नव्हतंच. तो सांगणार काय होता?

“म्हाताराच पिला पानी,” शेतकरी म्हणाले. “एकटा. वाट बघून दमला असंल.”

“खुळे का तुमी? बांगड्या वाजल्या की.”

“कुठं वाजल्या बे!”

“बायकोला बे म्हनतेत! ताईंच्या म्होरं!” बाई माझ्याकडे वळल्या. “पोहरा वर आला ना, तवा वाजल्या. लेक आलती. तिनंच शेंदलं.”

“मला नाही ऐकू आल्या,” मी म्हणाले.

“मला आल्यासारखं वाटतंय,” वहिनी म्हणाली. ती पुढं सरकली आणि तिनं स्पीकरला कान लावला. “परत लाव बरं.”

मी रहाटापासून लावलं.