साडूंच्या गाडीचे मोठे टायर

कंपनीनं सांगितलं आणि आमच्या साडूंनी ऐकलं, असं लोहाऱ्यात आजवर घडलेलं नव्हतं. साबणाच्या पुडीवर एक चमचा लिहिलेलं असलं की हे दोन टाकणार आणि फेस अंगणभर करून ठेवणार. साठी उलटली तरी चप्पल एक नंबर मोठीच घेतात. का, तर ‘उद्या पाय वाढला तर?’

छोटी गाडी घेतली तेव्हाही तेच. आक्कांच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, कमरेला खड्ड्यांचे दणके बसू नयेत म्हणून साडू धाराशिवला मोठ्या मापाचे टायर घालायला गेले. टायरवाला कळवळून म्हणाला, “साहेब, हे माप ह्या गाडीचं न्हाय. चाक वळलं की घासंल.”

“कंपनीवाले लोहाऱ्याच्या रस्त्यानं कधी आलते का?” साडूंनी विचारलं, आणि टायर बसले.

मग काय विचारता! गाडी पूर्ण वळवली की असा खर्रर्र आवाज निघायचा, की चौकातली कुत्री उठून बसायची. म्हणून साडूंनी पूर्ण वळणंच सोडून दिली. स्वतःच्या गल्लीत शिरायला तहसील कचेरीला वळसा घालून समोरून सरळ यायचे. मोठ्या टायरमुळं वेगाचा काटा दाखवायचा त्याहून गाडी जोरात पळायची, त्याचं तर लई कौतुक: “बघा, न सांगता पळतीय!”

पण गाडी उंच झाली आणि आक्कांचे गुडघे होते तिथंच राहिले. दर रविवारी अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला जायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. साडूंनी गाडीच्या दाराशी पाट ठेवला. आक्कांनी पाय दिला तसा तो कलंडला. मी धरलं म्हणून निभावलं. भर गल्लीत शोभा झाली म्हणून बिचाऱ्या रडवेल्या झाल्या.

“तुमीच जाऊन या. माझं अणदूर आता संपलं,” म्हणाल्या आणि घरात गेल्या.

आम्ही दोघंच गेलो. देवळात साडूंनी भंडारा उधळायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

“ती उधळती. मी नुसता बाजूला उभारतो,” साडू म्हणाले. “मला कुठं जमतंय?”

दुसऱ्याच दिवशी एकटे धाराशिवला जाऊन कंपनीच्या मापाचे टायर घालून आले.

पुढच्या रविवारी आक्का कमरेमागं उशी घेऊन पुढच्या सीटवर ऐसपैस बसल्या. पहिल्याच खड्ड्यात गाडीचं पोट खाडकन आपटलं.

“खाली लागतीय वो गाडी!”

“लागू दे,” साडू म्हणाले. “तू बसलीयस न्हवं?”

मागच्या सीटवर मला उगाचच भरून आलं. देवा खंडेराया, या दोघांचे रविवार असेच जाऊ देत, एवढंच त्या दिवशी मागितलं.