पुलावर शिकाऊ माणसाला सोडून आलेली बाई

मोटार चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्या आपल्या पायाखालचा जादा ब्रेक असा करकचून दाबायच्या की समोरच्याचं कपाळ स्टीअरिंगला टेकायचं. वर विचारायच्या, "डोळे घरी ठेवून आलात का?" लोक मागे शिव्या घालायचे आणि आपली मुलं मात्र त्यांच्याकडेच पाठवायचे.

एका सकाळी उड्डाणपुलाच्या मधोमध गाड्या तुंबल्या. बाईंच्या शेजारी एका बँकेतला कॅशिअर शिकत होता. अचानक बाईंची छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळल्यासारखा झाला. आपण आत्ता मरतोय याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. त्यांनी दार उघडलं आणि चालत पूल उतरून गेल्या. कॅशिअर तसाच गाडीत, मागे हॉर्नचा कल्लोळ. त्याने पुढे ही गोष्ट ज्याला त्याला तिखटमीठ लावून सांगितली.

दवाखान्यात छातीचा ईसीजी काढला, तो अगदी स्वच्छ. "काही झालेलं नाही तुम्हाला," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले. पण ते पुन्हा झालं, दुकानाच्या रांगेत. मग लिफ्टमध्ये. पुन्हा होईल या धास्तीने बाईंनी आधी पूल सोडला, मग गाडी, मग मोठा रस्ता, मग कोपऱ्यावरचं दुकानही. शेवटी नवऱ्याची बाही धरल्याशिवाय त्या जिना उतरेनात.

नवरा छापखान्यात मशीनवर होता. सुरुवातीला तो खरोखर घाबरला होता. पण जी बाई जेवताना त्याच्या चुका काढायची, ती आता दुपारपासून "कधी येताय?" म्हणून फोन करू लागली. ताट वाढलेलं, शर्टाला इस्त्री केलेली, तोंड बंद. "मी आहे ना," तो म्हणायचा. हळूहळू ते म्हणण्यात त्याला गोडी वाटायला लागली.

नणंद रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. तिचं आणि बाईंचं लग्नापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. एक दिवस ती आली, बाईंकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "हृदयाचं काही नाही. मानसोपचारवाल्याकडे चल."

"वन्सं, मी वेडी नाही."

"वेडी असतीस तर तुझ्याशी बोलत बसले नसते मी. चप्पल घाल. आणि तुझी दया येते म्हणून नेत नाहीये, माझ्या भावाची आयतोबा व्हायची लक्षणं दिसताहेत म्हणून नेतेय."

रिक्षात बाई डोळे मिटून थरथरत होत्या. नणंदेने त्यांचा हात धरला नाही.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "हे पॅनिकचे झटके आहेत. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. झटक्याने माणूस मरत नाही, पण झटक्याला भिऊन स्वतःला घरात कोंडून घेतो. गोळी रोज घ्यायची. पहिले काही दिवस मळमळेल, धडधड वाढल्यासारखी वाटेल. गुण यायला काही आठवडे लागतात. मनाने बंद करायची नाही, मला फोन करायचा. आणि जोडीला थेरपी."

मळमळ झालीच. झोप उडाली. "बघ, होतं ते बरं होतं. टाकून दे त्या गोळ्या," नवरा म्हणाला. बाईंनी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळीचं प्रमाण आधी थोडं कमी केलं आणि मग सावकाश वाढवलं. नणंदेचाही फोन आला: "बंद केल्यास तर मी येऊन तोंडात कोंबीन."

थेरपी करणारी मुलगी बाईंच्या भाचीच्या वयाची होती, आणि बाईंना ती पहिल्या नजरेतच आवडली नाही. तिने खुर्चीत बसवून मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावले. डोकं गरगरलं, बोटांना त्याच मुंग्या आल्या.

"हे होऊ नये म्हणून तर इथे आले मी," बाई म्हणाल्या.

"काय वाटतंय?"

"तुझा गळा धरावासा वाटतोय."

"वाटू दे. फक्त उठू नका."

बाई रागाने खुर्चीचे हात पकडून बसून राहिल्या. भीती चढत गेली, चढली, आणि मग कुणी काही न करता आपोआप उतरली. आजवर त्या प्रत्येक वेळी पळाल्या होत्या, त्यामुळे ती उतरताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी मुलीचे आभार मानले नाहीत, पण पुढच्या वेळी वेळेआधी येऊन बसल्या.

मग घराबाहेरचा सराव सुरू झाला: आधी फाटकापर्यंत, मग दुकानापर्यंत, बसच्या थांब्यापर्यंत. जिथे भीती वाटेल तिथेच थांबायचं, ओसरेपर्यंत. आणि एकटीने. नवरा लपतछपत मागून यायचा. थेरपीच्या मुलीने त्याला बोलावून सांगितलं, "तुम्ही सोबत असलात की त्यांना वाटतं, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"म्हणजे नवराच रोग," तो म्हणाला आणि दार आपटून गेला.

एकटीने बाहेर पडणं जमायला लागल्यावर बाई एकट्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. मालक त्यांना बघून चपापला. "तुम्ही? तुमच्या मिस्टरांनी तर कळवलं, तुम्ही कायमचं सोडलंत. तुमच्या जागी माणूस घेतला मी."

घसा आवळला. मालक पाणी आणायला उठला. "बसा. आणि बोलू नका," बाई म्हणाल्या. काउंटरला धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, ते सरेपर्यंत. मग घरी आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"तुझ्या भल्यासाठीच."

"मी बरी होणार नाही असं वाटलं तुम्हाला, की मी बरी व्हायला नको होते?"

त्याने वर्तमानपत्राची घडी सारखी केली. "घर शांत होतं," तो म्हणाला. "तूही जरा माणसात आली होतीस."

बाईंनी त्या दिवशी त्याला वाढलं नाही, आणि नंतरही नाही.

त्यांनी बाजारापलीकडच्या दुसऱ्या स्कूलमध्ये नोकरी धरली. तिथल्या मालकाला आजाराबद्दल आधीच सांगितलं. तो म्हणाला, "झटका आला तर?" "तर गाडी बाजूला घेईन, बसून राहीन आणि पुन्हा सुरू करीन. तुमचे बाकीचे मास्तर शिकवताना डुलक्या काढतात, त्यांना विचारलंत कधी?" त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि ठेवून घेतलं.

झटके संपले नाहीत, विरळ झाले. गोळी अजून चालू आहे. डॉक्टर म्हणतात, कमी करू, पण घाई नको, सावकाश. बाई म्हणतात, तुम्ही सांगाल तेव्हा. इतकं नम्र त्या फक्त डॉक्टरांशीच बोलतात. नणंद अधूनमधून येते, गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी करून बघते, घर किती अस्वच्छ आहे ते सांगते आणि जाते. नवरा संध्याकाळी आपलं जेवण आपण गरम करून घेतो, भांडी जरा जास्तच आपटतो. बाई सकाळी निघताना कुठे चालल्यात ते सांगत नाहीत, आणि त्यानेही विचारायचं सोडून दिलं आहे.