सनद जमा केल्यावर

मला वाट बघता येत नाही. दूध तापेपर्यंतही मी गॅसपाशी थांबत नाही, त्यामुळे ते उतू जातंच. अशा बाईनं वकिली करायला जावं आणि तीही डहाणूच्या कोर्टात, दिवाणी दाव्यांची, म्हणजे कहरच. सकाळी काळा कोट चढवायचा, व्हरांड्यात ताटकळायचं, पुकारा झाला की आत धावायचं आणि समोरच्या वकिलांनी मुदत मागितली की पुढची तारीख डायरीत टिपून बाहेर यायचं. माझे सीनियर तेवढ्यात चहा मागवायचे. सगळे त्यांना साहेब म्हणत. "एवढी धुसफुसू नकोस, दिवाणी दावा आहे," ते म्हणायचे, आणि माझं डोकं आणखीच फिरायचं.

म्हणून वापीच्या एका कंपनीत करार तपासायची नोकरी मिळाली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की कोर्टात उभं राहता येत नाही, वकिलीची सनद जमा करावी लागते. तीही करायला मी तयार होते.

अडत होतं एकाच ठिकाणी. तलासरीकडच्या एका पाड्यावरची मावशी आमची पक्षकार होती. तिच्या शेताकडे जाणारी जुनी वाट शेजाऱ्यानं कुंपण घालून बंद केली होती आणि भाताचे भारे तिला लांबचा वळसा घालून डोक्यावरून आणावे लागत. तिची उलटतपासणी बाकी होती. कोर्टात पाऊल टाकलं की तिची दातखीळ बसायची. साहेबांसमोर ती नुसती मान हलवायची. बोलायची ती माझ्याशीच. पिंजऱ्यात ती गप्प राहिली असती तर वाट कायमची गेली असती.

दिवाळी झाल्यावर मी तिला कोर्टाबाहेरच्या टपरीवर बसवलं. "मावशी, मी वापीला कामाला चाललेय. तुमचं काम आता साहेब बघतील."

तिनं चहा बशीत ओतला. "जा की. कामाला तर सगलीच जातात."

एवढ्या सहज सुटका झाली म्हणून मला हायसं वाटलं, आणि थोडं लागलंही.

वापीत कामं झटपट व्हायची. माझ्या सवयी मात्र कोर्टातल्याच राहिल्या. पहिल्याच करारात मी दोन्ही पक्षांचं भांडण झालंय असं धरून इतकी कलमं घातली, की मॅनेजर म्हणाले, "बेन, आ करार छे के फरियाद?" एकदा समोरच्या कंपनीचे कागद तयार नव्हते, तर मी उठून उभी राहिले आणि त्यांना 'शेवटची संधी' देऊन टाकली. सगळे हसले, मीही हसले. पण चैन पडेना. इथं भांडणारं माणूसच कधी समोर यायचं नाही. मावशीच्या उलटतपासणीची तारीख मला पाठ होती.

त्या तारखेला मी मीटिंगमध्ये असताना साहेबांचा फोन आला. मी बाहेर पळाले.

"तुझी मावशी ऐकत नाहीये. मुदत मागा म्हणते. म्हणे, माझी वकीलबाय जगायला गेलीय, आवणीला येल."

मी भिंतीला टेकले. तिच्या पाड्यावरची माणसं भात कापून झालं की वीटभट्टीवर नाहीतर मासेमारीच्या बोटीवर कामाला जातात. त्याला ते जगायला जाणं म्हणतात. पाऊस तोंडावर आला की सगळी आवणीला, भात लावायला, घरी परततात. मावशीनं मलाही त्यांच्यातच धरलं होतं. ज्या मुदतीच्या नावानं मी सारखी बोटं मोडायची, ती ही बाई माझ्यासाठी मागत होती. मला रडू आलं.

"तिला फोन द्या," मी म्हटलं.

"कदी येशील?" तिनं विचारलं.

"नाही येणार, मावशी. वकिलीचा कागदच जमा केलाय मी. आता मला तिथं उभं राहता येत नाही."

मागून कुणाच्या तरी दाव्याचा पुकारा ऐकू आला.

"तठं पोट भरतं ना तुझं?"

"भरतं."

"मंग कशाला येशील," ती म्हणाली आणि फोन साहेबांकडे गेला.

"मुदत मागताय का?" मी विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "आजच पिंजऱ्यात उभी राहते म्हणतेय."