उजळ दिसायचा रंग

बाहेरची खोली रंगवायची ठरली ती मला बघायला पाहुणे येणार होते म्हणून. खोली पश्चिमेची, वर उघडा स्लॅब. सोलापूरच्या मे महिन्यात संध्याकाळीही तिथल्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. त्या खोलीत झोपते मी, म्हणून मी फिकट निळा मागितला. डोळ्यांना तरी गारवा.

मैंदर्गीहून खास या कामगिरीवर आलेल्या आत्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तू किती दिस झोपणार हायस हितं?" म्हणाली. पेंटरला तिनं भिंतीवर दोन पट्टे मारायला लावले, एक निळा आणि एक पीच. ते वाळल्यावर मला आळीपाळीनं दोन्हींपुढं उभं करून मोबाईलवर फोटो काढले. चिंचोळीच्या कारखान्यात हिशेब सांभाळणारी बाई मी, आणि मला पडद्याच्या कापडासारखं भिंतीला लावून बघत होती ही माणसं.

"निळ्यावर लई काळी दिसतीया," आत्या म्हणाली. "ह्या दुसऱ्यावर जरा उजळती की."

आईनं दोन्ही फोटो बोटांनी मोठे करून पाहिले. "व्हय की, वन्सं. हाच मारू या."

आत्याच्या जिभेची मला सवय आहे. आईचा मात्र असा राग आला की त्या दिवशी जेवलेच नाही. तरी निळ्याचा हट्ट सोडला, कारण ते स्थळ मलाही हवं होतं. मुलगा फोनवर छान बोलला होता, मला हसवलं होतं त्यानं. म्हणून पाहुणे आले तेव्हा माझी खुर्ची मीच पीच भिंतीला टेकवून ठेवली.

मुलाच्या आईनं भिंतीवरून हात फिरवला आणि माझ्यावरून नजर. मुलगा मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे वेचत राहिला.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. आईनं स्पीकरवर टाकला.

"मुलगी गुणी आहे हो. पण आमच्याकडं सगळेच गोरे, ती शोभायला नको का? तुमच्या खोलीचा रंग मात्र फार आवडला. आम्हालाही हॉल रंगवायचाय. कोणता तो?"

आता आई फोन आपटणार, असं मला वाटलं. आई उठली. दाराआडचा रंगाचा रिकामा डबा उजेडात धरून तिनं त्यावरचा शेडचा नंबर वाचून दाखवला. पलीकडं लिहून घेता यावा म्हणून सावकाश, दोनदा.